एकच काच आणि पाडाचा आंबा

मी फोटोच्या काचांची पेटी उघडली. आत काचांचा चुरा. वाटेतल्या नाल्यात गाडीचं चाक आदळलं, तेव्हाच शंका आली होती. तळाची एक प्लेट तेवढी शाबूत होती.

त्या काळी ग्रुप फोटो म्हणजे प्लेट. काचेवर औषधाचा थर, आणि एका काचेवर एकच फोटो. माझा स्टुडिओ नांदुऱ्याला, स्टेशनजवळ. नव्या प्लेटा मुंबईहून रेल्वेनं यायच्या. आणि मी बसलो होतो जळगाव जामोदच्या पलीकडे एका अमराईत, भर वैशाखात.

लग्न आदल्या दिवशी लागलं होतं. आज नुसती मौज. झाडांखाली सतरंज्या अंथरलेल्या, आमरसाचं जेवण झालेलं, पाहुणे मंडळी फेटे काढून आडवी झालेली. ऊन उतरलं की नवरी सासरी निघणार होती.

नवरीचे वडील आबाजी पाटील आले. मी उरलेली काच दाखवली.

"एकच फोटू निघन, पाटील."

"अन् मी तं दोन सांगतले होते!"

दोन कशाला, ते मला तिथंच कळलं. आबाजी आणि त्यांचा धाकटा भाऊ किसन यांचा शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाद होता. प्रकरण जळगावच्या कचेरीतून पार नागपूरपर्यंत गेलेलं. कैक वर्षं बोलणं बंद. किसन पुतणीच्या लग्नाला आला खरा, पण अमराईच्या दुसऱ्या टोकाला बसून जेवला. म्हणून एक ग्रुप आबाजींकडचा, एक किसनकडचा, असं ठरलेलं.

"मंग माह्याच घरचा काढा," आबाजी म्हणाले.

नवरी यमुना मागंच उभी होती. हातांवर अजून हळद होती. ती म्हणाली, "बा, काकानं मले खांद्यावर बसवून जत्रा दाखवली. काका नसन तं मी बसत नाई फोटूत."

"यमुने, पाव्हण्यांसमोर काय हे!"

"पाव्हण्यांसमोरच सांगून राह्यली."

तिचे सासरे सतरंजीवरूनच हसले. "आबाजी, पोरगी खमकी हाये. आमाले चालते."

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या धंद्याचं तेवढं बोललो. "कोन कुठं राहीन ते मले ठरवू द्या जी. समदे काचेत मावले पाह्यजेत."

किसनला निरोप गेला. तो आला, पण आबाजींकडे बघेना. नवरानवरी मध्ये बसवली आणि दोघा भावांना दोन टोकांना उभं केलं. काळ्या कपड्याखाली डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. त्या उलट्या गर्दीत दोन्ही भाऊ अर्धे कापले जात होते. मागं सरकावं तर विहीर.

"टोकावरचे दोघं मधात या. नवरीच्या मांगं उभे राहा."

कुणी हलेना. मग यमुनेनं मान वळवून किसनकडे पाहिलं. तो खाली मान घालून आला. पाठोपाठ आबाजी. दोघांमध्ये वीतभर जागा आणि दोघांच्या नजरा समोर, जणू कचेरीतच उभे आहेत.

झाडाच्या सावलीत उजेड कमी, म्हणून एक्स्पोजर लांब. लेन्सची टोपी काढायची, मनात अंक मोजायचे, टोपी परत लावायची. तोवर कुणी हलायचं नाही. मी हे सगळ्यांना बजावलं आणि टोपी काढली.

एक, दोन... वरून पाडाचा आंबा सुटला आणि थेट किसनच्या मानेवर बसला. बिचारा हलला नाही. आबाजींचा हात मात्र आपोआप त्याच्या खांद्यावर गेला.

"लागलं काय रे, किसना?"

किसन दात न उघडता पुटपुटला, "दादा, हालू नोको. फोटू बिघडन."

मी टोपी लावली आणि अमराईभर हसू फुटलं. किसनही हसत होता. आबाजींचा हात त्याच्या खांद्यावर तसाच राहिलेला. मला मात्र प्लेटची काळजी. एकच काच, आणि ज्यांनी मला बोलावलं तेच हललेले.

उन्हाळ्यात पाणी कोमट असलं की प्लेटवरचा थर सायीसारखा सुटतो. म्हणून नांदुऱ्याला परतल्यावर पहाटेच्या गार पाण्यात, थर घट्ट धरायला आधी तुरटी फिरवून, मी ती धुतली आणि फोटो उमटवला. थर टिकला. नवरानवरी स्वच्छ आले. किसन तर दगडात कोरल्यासारखा. आबाजींच्या तोंडाच्या जागी मात्र नुसता फराटा, आणि किसनच्या खांद्यावर धुरासारखं काहीतरी.

कागदावर काढलेला छाप घेऊन मी धास्तावतच गेलो. आबाजींनी तो उजेडात धरला.

"माहं तोंड काऊन पुसलं?"

"तुमी बोलले जी."

"अन् हे धुकट काय हाये?"

"तुमचा हात."

त्यांनी त्या धुकटावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "एक छाप किसनले द्या." मी निघालो, तर मागून हाक आली. "राहू द्या. मीच नेऊन देतो."

धुऱ्याचं प्रकरण काही लगेच मिटलं नाही. कचेरीची कामं तशी मिटतही नाहीत. पण पेशीच्या पुढच्या तारखेला दोघं भाऊ बैलांच्या एकाच दमणीतून उतरताना मी जळगावला माझ्या डोळ्यांनी पाहिले.

दुकान बंद करेपर्यंत मी गिऱ्हाइकांना हलू नका, असंच सांगत राहिलो. हललेली प्लेट मात्र धुऊन पाहिल्याशिवाय कधी फेकली नाही.