रफाराची टोपी

"टोपी दिसायली का, ताई?"

चष्मा कपाळावर चढवून तो दारात उभा राहायचा आणि तिथूनच माझ्या स्क्रीनकडं बघत हे विचारायचा. टोपी म्हणजे रफार. परभणीतल्या आमच्या एवढ्याशा ऑफिसात औषध दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. गोळ्यांच्या पाकिटावरची मराठी सूचना त्यातूनच छापली जायची. तो प्रोग्राम लिहायचा, मी तपासायची. एकाच गोष्टीपायी जीव आटवणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती दमतात आणि आपल्यालाही दमवतात.

त्याच्या कॉम्प्युटरवर सगळं झकास दिसायचं. दुकानांतल्या जुन्या विंडोजवर मात्र ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाची, त्यामुळं वरचा रफार कापला जायचा. "वाचता येतं ना? मग सोडा," मालक म्हणायचे. तोही सोडायच्याच बेतात होता. "लय झालं, ताई. डोळे गेले माझे."

मग गावाकडं, पालमला, त्याची आई चक्कर येऊन पडली. दुकानातून आणलेल्या बीपीच्या पाकिटावर 'अर्धी गोळी'चं 'अधी गोळी' झालं होतं. आईनं ते 'आधी' असं वाचलं आणि जेवणाआधी अख्खी गोळी घेऊ लागली.

"मला वाटलं काना ऱ्हायला आसंल," ती त्याला म्हणाली. "तुज्याच कंपूटरचं हाय म्हणून भरोसा ठिवला."

आई सावरली. तो नाही सावरला. विंडोज, लिनक्स, मॅक, सगळीकडं तेच एक पाकीट पुन्हा पुन्हा छापून बघायचा. एकीकडं रफार बसला की दुसरीकडं उकार कापला जायचा. "वर टोपी दिली की खाली चप्पल गायब," तो थकून हसायचा. मला त्याचा वैताग यायचा आणि मायाही वाटायची. शेवटी त्यानं फॉन्ट सॉफ्टवेअरमध्येच घातला, ओळीची उंची मराठीवरून मोजली आणि रफार सगळीकडं टिकला.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला, झोपेतच.

परवा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली. मालकांनी स्क्रीनवर बघून ठीक म्हटलं, पण मला राहवेना. एसटीनं पालमला गेले, दुकानातून त्याच्या आईचं पाकीट छापून घेतलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं ते लांब धरलं.

"अर्धी," तिनं वाचलं. "टोपी हाय, बाई."

मग गोळी मोडून तिनं अर्धी तोंडात टाकली. उरलेली अर्धी तळहातावर धरून ती कितीतरी वेळ दाराकडं बघत राहिली.