बैल शुद्धीवर नव्हता

आशाबाईंना लटारूची काळजी काही केल्या सोडत नव्हती. तो पीत असेल ही काळजी निराळी. तो पीत नसेल आणि आपल्याला ते कळतच नसेल, ही काळजी त्याहून मोठी.

आलापल्लीला लाकडाच्या डेपोमागे एक जुनं टपरीवजा घर होतं. तिथे आशाबाई निवारा चालवत. दारूपायी घरदार सुटलेल्या सहा जणांना तिथे खाट, दोन वेळचं जेवण आणि आशाबाईंचा उपदेश मिळे. जेवण बेताचं, उपदेश भरपूर. बाई नागपूरच्या कॉलेजात शिकलेल्या, त्यामुळे शिस्त कडक. दिवेलागणीला सगळ्यांनी रांगेत उभं राहून तोंड उघडायचं आणि बाईंनी हुंगायचं. वास आला की खाट गेली. हे वर्षभर झकास चाललं, आणि मग रानात मोह फुलला.

मोहाच्या दिवसांत त्या मुलखात वास कुणाच्या तोंडाला नसतो? दारू गाळतात तीच फुलं वेचायची, वाळवायची, भाजून खायची, भाकरीच्या पिठातसुद्धा मळायची. पहिल्याच संध्याकाळी सहाच्या सहा जण नापास झाले. मागोमाग स्वयंपाक करणारी सोमारी नापास झाली. शेवटी आशाबाईंनी ओंजळीत फुंकर मारून स्वतःचाच श्वास हुंगून पाहिला आणि तो नियम तिथेच गुंडाळून ठेवला.

त्यांनी दुसरी परीक्षा काढली. अंगणात सागाचा एक लठ्ठा पडला होता. त्यावरून न पडता चालून दाखवायचं. देवाजी न्हावी सकाळी उपाशीपोटी, चहासुद्धा न घेता, दोनदा खाली पडला. दारू सोडल्यापासून बिचाऱ्याचा हात आणि पाय दोन्ही थरथरत. त्यामुळेच निवाऱ्यात सगळ्यांनी दाढ्या वाढवल्या होत्या. लटारू मात्र लठ्ठ्यावरून तरातरा गेला, टोकाला गिरकी घेऊन उलटा चालत परत आला.

"वा लटारू!" बाई म्हणाल्या.

"ह्ये तं काहीच नाई, बाई," लटारू खूश होऊन म्हणाला, "पिऊन राहो तवा तं मी याच्यावर नाचत जाओ!"

तीही परीक्षा त्या दिवशी निकालात निघाली.

लटारूचा जन्म सागाच्या गाड्या हाकण्यात गेला होता. डेपोत माल उतरवला की तो प्यायचा आणि गाडीत आडवा व्हायचा. बैल त्याला बिनचूक घरी नेत. बायको बैलांना पेंड घालायची आणि नवऱ्याला शिव्या. असं बरीच वर्षं चाललं. मग बायको वारली, आणि एका बाजाराच्या दिवशी लटारूने दारूपायी बैलच विकून टाकले. विकून झाल्यावर, पिऊन झाल्यावर, रात्री चौकात उभं राहिल्यावर त्याच्या ध्यानात आलं की घरचा रस्ता आपल्याला माहीतच नाही. तो बैलांना माहीत होता. तेव्हापासून तो घरी गेला नाही तो नाहीच.

त्याची मुलगी चंदा धानोऱ्याला असे. तिचा नवरा जंगल खात्यात चौकीदार होता. तिने लाकडाच्या ट्रकवाल्याकडून आशाबाईंना निरोप धाडला होता: बाबा पीत नसला तर शनिवारच्या ट्रकने पाठवा, आता इथंच राहू द्या. पीत असला तर नका पाठवू, घरात तान्हं लेकरू आहे. तुम्ही म्हणाल ते खरं. इथल्या कचेरीत फोन करून सांगा.

तुम्ही म्हणाल ते खरं! आशाबाई रोज डेपोच्या कचेरीतल्या फोनपर्यंत जात आणि तशाच परत येत.

"बाई, फोन केला काय?" लटारू रोज विचारी.

"लाइन बिघडलीय रे."

"कचेरीतला बाबू तं सकाळपासून ओरडून राह्यला फोनवर."

"म्हणूनच बिघडली असेल."

शुक्रवारी लटारू निवाऱ्याच्या बैलाला घेऊन नाल्यावर पाणी आणायला गेला. बैलाचं नाव शहाण्या. ते नाव त्याला लहानपणी ठेवलं होतं, त्यात त्याचा दोष नाही. दिवे लागले तरी दोघांचा पत्ता नाही.

"गेला, बाई," सुकलू म्हणाला. हा सुकलू म्हणजे निवाऱ्यातला सगळ्यात जुना गडी. "नाल्याच्या अंगानं कोणीतरी दारूसाठी मोहाचा सडवा आंबत घातला हाये. मले दोन दिसांपासून वास येऊन राह्यला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मीच इसरायचा परयत्न करून राह्यलो होतो ना, बाई!"

कंदील घेऊन सगळे निघाले. फार लांब जावं लागलं नाही. वळणावरच लटारूचा आवाज ऐकू आला.

"इचार कर, शहाण्या. आज एक घोट, उद्या आख्खं मडकं. तुह्या लेकराबाळांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावं?"

शब्दन् शब्द आशाबाईंचा होता. बैलाला कुठली लेकरंबाळं, हे मात्र कुणालाच सुचलं नाही, कारण शहाण्या आडवा चालत येत होता. तो चार पावलं डावीकडे जाई, थांबे, चंद्राकडे बघून हंबरे आणि खाली बसे. लटारू त्याला मागून ढकलून पुन्हा उभा करी. शहाण्याने लाडात येऊन त्याला डोक्यापासून पायापर्यंत चाटलं होतं. दोघांच्या अंगाला सारखाच दरवळ येत होता.

"झुडपात मडकं होतं, बाई. यानं तोंडच घातलं त्यात."

"सगळं प्यायला?"

"अर्धं." लटारूने बैलाला पुन्हा सरळ उभं केलं. "बाकीचं म्या पालथं केलं. पालथं करतानी थोडा रडलो."

"आणि याला तिथंच बांधून यायचं होतंस. आम्हाला केवढा घोर!"

"असं कसं, बाई? याच्या जातीनं मले जलमभर घरी आणलं. काऊन टाकून येऊ?"

आशाबाई कंदील वर धरून दोघांकडे बघत राहिल्या. हुंगून उपयोग नव्हता, लठ्ठ्याचा उपयोग नव्हता. पण दोघे नाल्यापासून घरच्या वळणापर्यंत आले होते. म्हणजे दोघांपैकी एकाला तरी रस्ता माहीत असणार, एक तरी शुद्धीवर असणार. आणि बैल शुद्धीवर नव्हता. तो आत्ता देवाजीच्या दाढीचा घास घेत होता.

"सुकलू, शहाण्याला घरी ने. देवाजी, दाढी सोडव आणि कंदील धर. कचेरीतला बाबू अजून बसला असेल."

"कुठी चालल्या, बाई?" लटारूने भीत भीत विचारलं. "शहाण्याची जागा तं नाई ना जात?"

"धानोऱ्याला फोन लावायला," आशाबाई म्हणाल्या आणि पदर खोचून निघाल्याही.

"लाइन सुधरली काय?"

"सुधारली."

लटारू दोन पावलं त्यांच्यामागे धावला. "बाई, चंदीले शहाण्याचं नोका सांगू! जावई काय म्हणंल, कसल्या संगतीत होता म्हणून!"