मिरजेच्या गाडीचा दहा मिनिटांचा थांबा

बाहत्तरच्या दुष्काळाला तीनेक वर्षं उलटली होती. सातारा-सांगली भागातल्या एका तालुक्याच्या स्टँडवर मी तेव्हा कंट्रोलर होतो. गाड्या आल्या-गेल्याच्या वेळा लिहायच्या आणि कुठली गाडी कुठं लागणार ते लोकांना सांगायचं, एवढंच काम. वय सव्वीस, अंगावर कडक इस्त्रीची खाकी आणि डोक्यात तिची मिजास.

जुनं स्टँड म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. ती पाडून सिमेंटच्या छताचं, सहा फलाटांचं नवं स्टँड व्हायचं होतं. निम्मी शेड उतरवली, पाया खणला आणि गाड्यांची पांगापांग झाली. वडूजकडच्या गाड्या उरलेल्या शेडसमोर लागायच्या. मिरजेहून पुण्याला जाणाऱ्या गाड्या रस्त्यापलीकडं, बाजाराच्या पटांगणात. माझी लाकडी केबिनही तिथंच हलवली होती. मधे मातीचे ढीग आणि विटांच्या थप्प्या, त्यामुळं इकडचं तिकडं दिसत नसे. खोदकामात गाड्या पुकारायच्या कर्ण्याची वायर तुटलेली. स्टँडप्रमुखांनी मला बजावलं होतं, "गाडी आली की शेडपर्यंत जाऊन ओरडून सांगायचं. लोक अजून तिथंच बसतात."

पहिले आठ दिवस मी इमानदारीनं ओरडलो. मग घसा बसल्याचं निमित्त झालं, आणि घसा सुटल्यावरही मी गेलो नाही.

थंडीचे दिवस होते. एका सकाळी एक म्हातारी केबिनशी आली. मागं तिची सून, सुनेच्या कडेवर सहा-सात महिन्यांची मुलगी. वडूजच्याही पलीकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. पहाटे निघून आल्या होत्या.

"आवं सायेब, मिरजंची गाडी कवा येनार? माजं पोरगं हाय त्यात. मिल्ट्रीत हाय. त्येची बदली झालीया, घरला यायला रजा न्हाई. हितंच भेटतो म्हनून कागुद धाडलाय. पोरीला अजून बघितली न्हाई त्यानं."

केबिनमध्ये येऊन बसलेल्या एका मित्रानं ट्रान्झिस्टर आणला होता आणि क्रिकेटची कॉमेंट्री रंगात आली होती. मी पेनानंच शेड दाखवली. "तिकडं बसा सावलीला. आली की सांगतो."

"व्हय, सांगा बरं का," म्हणत ती गेली.

गाडी तासाभरानं आली. थांबा दहा मिनिटांचा. मी वेळ लिहिली आणि परत रेडिओकडं कान लावला. फौजी उतरला, पटांगणभर फिरला. चहाच्या गाड्यामागं डोकावला, झाडाखाली बसलेल्या बायकांची तोंडं बघून आला. मग माझ्याकडं.

"सायेब, माजी आई दिसली का? संगं बायकू हाय, ल्हान पोरगी हाय."

"नाही."

"पलीकडं शेडात असतील काय? पळत जाऊन बघून येतो."

"गाडी सुटेल," मी म्हणालो. "आणि इथं आल्याच नाहीत त्या."

मला त्या क्षणी आठवलंच नव्हतं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. आठवलं होतं. पण आठवलं म्हणालो असतो तर उठावं लागलं असतं, आणि सांगायला का गेला नाहीस याचं उत्तर मित्रासमोर द्यावं लागलं असतं. कंडक्टरनं घंटी दिली. फौजी दारात उभा राहून लांबपर्यंत मागं बघत होता.

अर्ध्या तासानं म्हातारी आली. "सायेब, गाडीला उशीर हाय व्हय?"

"गेली की. मी ओरडलो होतो, तुम्हाला ऐकू आलं नाही का?"

 सून तिथंच मातीत बसली. मुलीला त्यांनी नवं झबलं घातलं होतं, डोळ्यांत काजळ घातलं होतं.

शेडमध्ये बसलेले एक मास्तर त्यांच्या मागोमाग आले होते; त्यांनी हे ऐकलं आणि तक्रारवहीत लिहिलं की कंट्रोलर फिरकलासुद्धा नाही. पंधरा दिवसांनी वरचे साहेब चौकशीला आले. बाजारचा दिवस होता, म्हातारीला निरोप धाडून बोलावलं होतं. साहेबांनी विचारलं, "आजी, हे ओरडले होते का? खरं सांगा."

तिनं उलट विचारलं, "न्हाई म्हनलं तर ह्येंची नोकरी जाईल व्हय?"

"जाऊही शकते."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. बहुधा पहिल्यांदाच. 

"वरडलं असतील," ती म्हणाली. "मलाच लय कमी ऐकू येतंया."

साहेबांनी तसं लिहून घेतलं आणि तिचा अंगठा उठवला. मी बाजूला उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं, ते बोललो नाही. बाहेर पडताना ती हळूच म्हणाली, "माजं बी पोरगं नोकरीवरच हाय, बाबा." बस, एवढंच. तिला ऐकू अगदी स्वच्छ येत होतं.

पुढच्या वर्षी नवं स्टँड सुरू झालं. एका दुपारी तो फौजी ट्रंक घेऊन उतरला. रजा मिळाली होती. सासू-सुना फलाटावर उभ्या होत्या. मुलगी आता चालत होती. त्यानं हात पुढं केले तर ती घाबरून आईच्या लुगड्यात तोंड खुपसून रडायला लागली. म्हातारी हसत तिला समजावत होती, "आगं, बा हाय तुजा." तो उकिडवा बसून राहिला. बराच वेळ. पोरगी काही त्याच्याकडं गेली नाही.

मी काचेआड होतो. दार उघडून चार पावलं जायचं होतं, माफ करा म्हणायचं होतं. मी वडूजच्या गाडीची वेळ लिहीत बसलो. ती चौघं त्याच गाडीत चढली. म्हातारीनं जाताना मला ओळखलं आणि मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.