तिहोमिर तांबटाचा जामीन

...तर बँकेतला तो साहेब दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाला, ‘अहो, ओरडू नका, मी इथे समोरच बसलोय!’ काल गोष्ट इथवर आली होती. साहेबाचं काही चुकलं नव्हतं. पण तिहोमिरला ओरडल्याशिवाय बोलता येतच नाही. जन्मभर तांबं मठारलेला माणूस तो. कानांत ठोकेच भरलेत. तो ‘हळूच’ काही सांगायला लागला, तर समोरच्या खानावळीत चमचे वाजतात.

‘जामीन नाही माझ्याकडे!’ तिहोमिर पुन्हा गरजला.

‘मग तारण?’

‘दुकान आहे, त्याला पुढून भिंत नाही! घर आहे, त्यात बायको आहे, ती तारण राहणार नाही!’

रस्त्यापलीकडे खानावळीत लोक पोट धरून हसले. साहेबानं मात्र नकारार्थी मान हलवली.

मागणं काही मोठं नव्हतं. तीन गावांच्या सहकारी सोसायटीला आलुबुखार पिकायच्या आत राकिया, म्हणजे आलुबुखाराची दारू, गाळायचे नवे हंडे हवे होते. तिहोमिरनं बनवलेल्या हंड्यातली राकिया जळत नाही, हे आमच्या खोऱ्यात पोरंही सांगतात. पण सोसायटी पैसे देणार हंडे हातात आल्यावर, आणि तांब्याचा व्यापारी रोखीशिवाय पत्रा सोडत नाही. दुकानातले दोघे कामगार स्लोव्हेनियाला गेलेले, म्हणजे पत्रा वाकवायचं यंत्रही हवं. काम दारात उभं, आणि त्याला आत घ्यायला पैसा नाही!

‘ओब्रेनकडे जा की,’ घरी बायको, स्टामेना, म्हणाली. ‘कूम आहे तुझा.’

आमच्याकडे कूम म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहतो तो, आणि पुढे पोरांना बाप्तिस्म्याच्या पाण्यातून काढून नाव ठेवतो तोही. सख्ख्या भावाशी अबोला धरला तर लोक दोन दिवस बोलतात. कूमाशी धरला तर तीन पिढ्या.

‘ओब्रेनकडे जाणार नाही!’ तिहोमिर म्हणाला.

‘हळू बोल रे, बहिऱ्या. त्याच्या मळ्यापर्यंत गेलं असेल.’

ओब्रेनची गोष्ट सगळ्यांना ठाऊक. तो एकदा मेहुण्याला जामीन राहिला. मेहुण्यानं कर्जातून मिनीबस घेतली, तिच्यात बसून तो व्हिएन्नाला गेला, आणि नाताळला एक कार्ड तेवढं पाठवलं. हप्ते ओब्रेननं फेडले, निम्मी बाग विकून. तेव्हापासून धुतलेला शर्ट घालून कुणी फाटकातून आत आलं, की हा शिडी लावून झाडावर! धुतला शर्ट म्हणजे जामीन मागायला आलेला माणूस, हे त्याचं गणित. एकदा नवे पाद्री नुसती ओळख करून घ्यायला गेले, तेही झाडाखाली तासभर ‘अहो ओब्रेन, अहो ओब्रेन’ करत बसले.

अशात नगरपालिकेच्या सभागृहात हमी निधीची बाई आली. तरुण, चुणचुणीत. ज्यांच्याकडे धंदा आहे पण तारण नाही, त्यांच्या कर्जाच्या मोठ्या हिश्शाला सरकार जामीन राहील, म्हणाली.

‘आणि सरकारला जामीन कोण?’ मागून न्हावी ओरडला. सभागृह खदखदलं.

तिहोमिर उठला. ‘बाई, मी बुडालो तर काय?’

‘मग बँकेचा तेवढा हिस्सा निधी भरेल, आणि निधी तुमच्या मागे लागेल. फेडायचं तुम्हालाच आहे, काका. जामीन आहे, आहेर नव्हे.’

‘ते ठीक! पण सरकार माझ्या दारावरून जाताना तोंड फिरवेल का?’

बाई हसली. ‘सरकारला तोंड कुठलं, काका? नोटीस येईल.’

‘चालेल!’ तिहोमिर म्हणाला, आणि बाईनं दचकून पाण्याचा पेला सावरला.

महिन्याभरात दुकानात यंत्र आलं, पत्रे आले. पहाटेपासून ठण ठण सुरू. स्टामेनानं शेजारणीला म्हटलं, ‘देवा, आता आणखी बहिरा होणार!’ पण म्हणताना हसत होती.

मग पेत्रोवदान आलं, तिहोमिरच्या घराण्याच्या संताचा दिवस. मेणबत्ती लावली, पाव कापला, कोकरू भाजलं, माणसांनी अंगण भरलं. कूमाची खुर्ची तेवढी रिकामी. तिहोमिर फाटकाकडे बघत राहिला, कोकराला त्याचा हात लागला नाही. संध्याकाळी निरोप आला, तोही न्हाव्याच्या तोंडून: ‘ओब्रेन म्हणतो, सरकार आता तुझा कूम. नातीला पाण्यातून काढायलाही सरकारलाच बोलाव.’

सून आतल्या खोलीत पोरीला घेऊन बसली होती. बाप्तिस्मा पुढच्या रविवारी. स्टामेनानं कपाळाला हात लावला.

‘जा! आत्ता जा. आणि हा धुतला शर्ट आधी काढ.’

तिहोमिरनं सणाचा शर्ट काढला, कल्हईच्या डागांचा कामाचा चामडी एप्रन गळ्यात अडकवला आणि निघाला. मळ्याशी पोचतो तो ओब्रेन फाटकात उभा. तिहोमिरला बघताच त्यानं शिडी उचलली.

‘अरे कूमा, घाणेरड्या कपड्यांत आलोय! काही मागायचं नाही!’

‘म्हणूनच चढलोय,’ ओब्रेन वरच्या फांदीवरून म्हणाला. ‘मागायचं असतं तर खाली थांबलो असतो.’

‘हे काय बोलणं?’

‘काय बोलणं? सोसायटीच्या हंड्यांचं काम तुला मिळालं ते मला कळलं. तुला पैसा लागणार तेही कळलं, तुझं बँकेतलं बोलणं माझ्या गाईंनीसुद्धा ऐकलं. महिनाभर, तिहोमिर, महिनाभर मी झाडावर चढलो नाही! धुतल्या शर्टात कुणी दिसलं तरी जागचा हललो नाही. फाटक उघडं टाकून बसलो. न्हावी येऊन गेला, पाद्री येऊन गेले, गॅसवाला आला. तू आला नाहीस. गेलास त्या निधीवाल्या पोरीकडे, जिनं तुझं मीठ कधी चाखलं नाही!’

कुंपणापाशी एव्हाना चार शेजारी जमले होते. तिहोमिर बोलायला लागला की जमायचेच.

‘कूमा, खाली ये.’

‘नाही येणार. आधी खरं सांग.’ ओब्रेन एक पायरी उतरला आणि तिथेच अडला. ‘तू येऊन मागितलं असतंस, तर मी काय म्हणालो असतो, असं तुला वाटलं?’

तिहोमिरनं शिडी दोन्ही हातांनी धरली, आणि कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच, जवळजवळ हळू आवाजात म्हणाला:

‘‘हो’च म्हणाला असतास, गाढवा! म्हणून तर आलो नाही. तुझी सही त्या कागदावर असती तर प्रत्येक पत्र्यात मला तुझं तोंड दिसलं असतं, आणि तुझ्या तोंडावर मी हातोडा कसा घालू? सरकारचं तोंड मी पाहिलेलं नाही, म्हणून बिनघोर ठोकतोय. आता उतर खाली. कोकरू थंड होतंय, आणि पोरीला अजून नाव नाही.’