इनासदादा, घुबड आणि फोटोतली वाळू

मिठागरातले तमाम शेकाटे, बगळे, खंड्ये आणि वटारच्या वाड्यांतली समस्त घुबडं यांना अत्यंत जड अंतःकरणानं कळवण्यात येतं, की गुडघाभर चिखलात उभं राहून तुमच्यावर तासन्‌तास डोळा ठेवणारा माणूस आता येणार नाही. पंख साफ करा, मासे गिळा, हवं ते करा. इनासदादा गेला. दीड महिना झाला. फोनवर फिलूवहिनी, म्हणजे त्याची बायको, एवढंच म्हणाल्या, "तुझा दादा गेला रे," आणि मी मूर्खासारखं विचारलं, कुठं? पहाटे कॅमेरा घेऊन कुठंतरी जाणं हा त्याचा रोजचाच उद्योग होता ना...

दादानं जन्मभर वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवली आणि निवृत्त होताच गळ्यात कॅमेरा अडकवला. मी गोखिवऱ्याच्या फ्लॅटमधला बँकवाला. मिठागरात गाठ पडली आणि त्याचा चेला झालो. गेल्या वर्षी दिवेलागणीला त्यानं आपल्या वाडीतल्या विहिरीच्या कठड्यावरचं गव्हाणी घुबड टिपलं. उजेड इतका कमी, की फोटोभर वाळू सांडल्यासारखे दाणे. याला नॉइज म्हणतात. तो काढून चित्र धारदार करणारी सॉफ्टवेअर मिळतात. त्यातलं एक निवडायचं होतं. दादानं चक्क स्वयंवर मांडलं. तीन सॉफ्टवेअर चार दिवस फुकट वापरायला घेतली, तेच घुबड तिन्हींतून काढलं, छापलं आणि पाठीमागे नंबर टाकून मला टेबलावर मांडायला लावलं. परीक्षक फिलूवहिनी. त्यांना कॉम्प्युटरचं काही कळत नव्हतं, पण ते घुबड त्यांच्या रोजच्या बघण्यातलं होतं.

एक नंबर माझा लाडका. पाठीमागचा अंधार सायीसारखा मऊ, दाणा औषधालाही नाही. वहिनींनी ओले हात पुसले, कागद उचलला आणि मला विचारलं, "पिसं कुठं गेली? कोंबडी सोलून आनलीस काय?" दोन नंबरात चोचीभोवती पांढरी रेघ उमटली होती, ही खडूनं कोणी गिरवली, म्हणाल्या. तिसऱ्यात थोडी वाळू शिल्लक होती. तो कागद त्यांनी खाली ठेवलाच नाही. हे आपल्या विहिरीवरचं, एवढंच बोलल्या आणि मासे तळायला गेल्या.

दादानं तिसरंच सॉफ्टवेअर घेतलं. मी पंधरा दिवस हुज्जत घातली. वाळू काढायचीच तर पुरती काढावी, अर्धवट कशाला? दादा शांतपणे म्हणाला, "अरे, लेथवर जास्त घासलं की माप जातं. गेलेलं माप परत येत नाय." मी गंभीरपणे मान डोलावली आणि घरी येऊन गुपचूप एक नंबरचंच सॉफ्टवेअर विकत घेतलं.

...आणि मग दादाच गेला. महिन्याच्या मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेसाठी, फोटो हवा होता, आणि शोधायला गेलं तर पक्ष्यांचे हजारो, दादाचा एकही नाही. तो कायम कॅमेऱ्यामागे. एकच निघाला, माझ्या फोनमधला. मिठागरात सूर्य बुडाल्यावर काढलेला, दादा कशावर तरी मनापासून हसतोय आणि चेहराभर तीच वाळू. वहिनींकडे आता त्याचं एवढंच उरलं होतं. मला तो झकास करून द्यायचा होता. मी तो माझ्या लाडक्या सॉफ्टवेअरमधून एकदा काढला. समाधान होईना, म्हणून पुन्हा काढला. गालाच्या सुरकुत्या गेल्या, दाढीचे पांढरे खुंट गेले, लेथवरचा लोखंडाचा कीस उडून हनुवटीवर पडलेला व्रणही गेला. मी खूश!

आज त्या घरी कॉम्प्युटरच्या वरती भिंतीवर मूळचाच फोटो आहे. दारातून बघितलं तर दादा हसतोय, जवळ गेलं तर नुसते दाणे. वहिनी काच रोज फडक्यानं पुसतात, दाणे काही जात नाहीत आणि त्यांची त्याला तक्रारही नाही. माझी फ्रेम मात्र भिंतीपर्यंत पोचलीच नाही. मिस्साहून परतलेल्या पाहुण्यांनी खोली भरलेली असताना मी ती मोठ्या थाटात वहिनींच्या हाती दिली होती. त्यांनी चष्मा लावला, फ्रेम उजेडाकडे तिरकी केली, हनुवटीवरून बोट फिरवलं आणि सगळ्यांदेखत त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"मेल्या, ह्यालापन सोललास?"