ओळखीतून भावाला गाळ म्हणाले

"ओळख सांगताना भावाचं काढू नकोस. गाळून टाक त्याला."

न्यू लिनच्या हॉलमध्ये मी मसालेभाताचं पातेलं टेबलावर ठेवत होते, तेव्हा इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष हे म्हणाले. सगळ्यांच्या देखत. हात भाजत होते तरी मी पातेलं धरून तशीच उभी.

आमच्याकडे कार्यक्रमाआधी ओळख सांगतात, इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या रीतीने. आधी आपला डोंगर, मग नदी, मग आपली माणसं. मुलांनी शाळेतून आणलेली रीत. त्या दिवशी माझी पाळी होती.

माझा भाऊ गावाकडे मास्तर. सभेत सरकारविरुद्ध बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी घरातून उचलला, तो अजून आत आहे. खटला उभाच राहत नाही. टीव्हीवाले मात्र देशद्रोही म्हणून मोकळे झाले.

"उगाच कोणी कोणाला आत टाकत नाही," अध्यक्ष म्हणाले. "देश चालवायचा तर कडक व्हावंच लागतं. आणि तुम्हा लोकांना इतकं दिलं देशाने, तरी हे?"

तुम्हा लोकांना. आम्ही बौद्ध. ते आयटीत, मी ईस्ट टामाकीच्या कारखान्यात इंजिनिअर. दोघंही परक्या देशात नोकरी करून खातो. तरी देणारे ते आणि घेणारी मी.

त्यांची बायको जवळ येऊन म्हणाली, "अगं, सगळ्यांच्या भल्यासाठीच सांगतायत ते."

राग यायला हवा होता. आला नाही. सगळं बधिर. त्या बधिरपणातच एक कळलं. तिकडेही असंच केलं असणार. आधी म्हणायचं, हा आपला नाही. मग त्याचं काहीही करा, लोकांना चालतं. आता तेवढं बहिणीच्या तोंडून वदवून घ्यायचं राहिलं होतं.

माझं नाव पुकारलं. मी माईक घेतला.

"किया ओरा, नमस्कार. माझा डोंगर अजिंठ्याचा. माझी नदी पैनगंगा. माझी आई, माझा नवरा, माझी लेक ही माझी माणसं. आणि माझा भाऊ. तो तुरुंगात आहे. सरकारविरुद्ध बोलला म्हणून."

टाळी वाजली नाही. माझा भात कुणी घेतला नाही. भरलेलं पातेलं परत गाडीत ठेवलं.

लेक म्हणाली, "मम्मा, दे डोन्ट लाइक अस नाऊ."

"नको आवडू दे," मी म्हटलं.

माझ्या बोलण्याने भाऊ सुटणार नाही, एवढं मला कळतं. पण त्याला गाळायचं तर त्यांनी गाळावं. माझ्या तोंडून ते होणार नाही. पुढच्या वेळी माईक दिला नाही, तर माईकशिवाय बोलेन.