वीस अंशांचं पाणी

आमच्या कुसुमचं लग्न माझ्यामुळे जमलं, असं मी आजही सांगते. घरात कोणी दुजोरा देत नाही.

कुसुम माझी धाकटी नणंद. तिला शिरपूरच्या एका मास्तरांचं स्थळ आलं होतं. पारोळ्याच्या एका लग्नात तिने मुलाला पाहिलं होतं. तेव्हापासून शिरपूरचं नाव निघालं की ती उगाच भांडी आवरायला घ्यायची. माझे चुलतसासरे नाना संध्याकाळच्या एसटीने तिकडे निघणार होते. त्यांच्याबरोबर तिचा फोटो द्यायचा होता. फोटो होता, स्टुडिओतला. त्यात एक धबधबा, दोन हंस आणि एक भलतीच गोरीपान मुलगी होती. आधीच्या पाहुण्यांनी तर कुसुमने पोहे आणून ठेवल्यावर विचारलं होतं, "मुलीला केव्हा बोलावताय?"

"खरा फोटो हवा," मी जाहीर केलं. "मीच काढते आणि मीच धुते!" (यजमानांच्या मित्राची बदली झाली, तेव्हा कॅमेरा, रोल धुण्याचा डबा, बाटल्या, लाल दिवा, फोटोचे कागद आणि एक पुस्तिका तो आमच्याकडे टाकून गेला होता. जाताना तो इतका आनंदात का होता, हे मी विचारायला हवं होतं.)

"वहिनी, बिघडला तर?"

"बिघडायला तो काय दूध आहे?"

सकाळी अंगणात कुसुमचे बारा फोटो काढले. आता रोल डब्यात भरायचा, तोही मिट्ट काळोखात. जळगावात मे महिन्याच्या दुपारी काळोख कुठून आणायचा? धान्याच्या खोलीत शिरले, दार लावलं आणि वर दोन गोधड्या पांघरल्या. बाहेर आले तेव्हा रोल डब्यात होता आणि मी घामात.

पुस्तिका म्हणत होती, औषधाचं पाणी वीस अंशांचं हवं.

"वीस अंश म्हणजे केव्हाचं पाणी?" सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी विचारलं.

"पौषातलं," यजमान म्हणाले.

घरात तापाचा थर्मामीटर होता. तो नळाच्या पाण्यात बुडवला. पारा एकशे चारवर!

"पाणीले ताप शे ना?" सासरे आबा झोपाळ्यावरून म्हणाले. "मंग कपाळवर पट्ट्या ठेव."

यजमानांना सरबताच्या गाडीवरून बर्फ आणायला पिटाळलं. तेवढ्यात शेजारच्या लीलाबाई डोकावल्या. त्यांनी गोधड्या पाहिल्या, माझ्या हातातला थर्मामीटर पाहिला, पाठोपाठ बर्फ आलेला पाहिला आणि तडक घरी जाऊन काढा घेऊन आल्या.

"हिवताप अंगावर काढू नये, बाई."

खुलासा करण्यापेक्षा काढा पिणं लवकर आटोपणार होतं. मी तो प्यायले.

बर्फ मात्र कामी आला! डब्यातून रोल काढला तर बाराही चौकटींत कुसुम स्पष्ट उमटलेली. निगेटिव्हच ते, त्यामुळे तोंड काळं, केस पांढरे.

"हाई म्हातारी कोन शे?" आबांनी विचारलं.

पुढचं पान होतं 'धुणे'. ते मी वाचलं नाही. आठ माणसांचं धुणं रोज पिळणाऱ्या बाईला धुणं कोण शिकवणार? नळ पूर्ण सोडला आणि रोल खळखळून धुतला. (नळाच्या पाण्याचा ताप अजून उतरलेला नव्हता, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही.) मग दोरीवर टांगला. वाळवणाला जळगावसारखं गाव नाही, दहा मिनिटांत कडक!

पुन्हा धान्याच्या खोलीत शिरून लाल दिव्याखाली तीन ताटल्यांमध्ये औषधं ओतली आणि कागदावर फोटो छापला. कुसुम हळूहळू उमटू लागली. आधी डोळे, मग हसू आणि मग कपाळापासून हनुवटीपर्यंत भेगा. बर्फातून निघून गरम पाण्यात पडलेला फिल्मवरचा थर जागोजाग तडकला होता. बाराही फोटोंत तेच.

अक्कांनी फोटो उजेडात धरला. "पोरनं तोंड शे का उन्हायानं भेगा पडेल वावर शे व माय?"

नाना पिशवी घेऊन दारात उभे. कुसुमच्या डोळ्यांत पाणी. (ते तरी किती अंशांचं होतं, देव जाणे.) मी हंसांचा फोटो शोधायला उठले.

"तो नको, वहिनी," तिने डोळे पुसले. "त्या हंसवालीशी लग्न ठरवलं त्यांनी, तर मी काय करू? हाच द्या."

नानांनी फोटो खिशात घातला. एखाद्याच्या निधनाची वार्ता घेऊन निघावं, तसे निघाले.

पुढच्या रविवारी शिरपूरची मंडळी हजर! कुसुमने पोहे आणले. मुलाच्या आई उठल्या, जवळ गेल्या आणि तिच्या गालावरून हात फिरवून पाहिला.

"काहीच नाही की! आम्हाला वाटलं, पोरीला देवी आल्या होत्या. पण आमच्या पोराने फोटो पाहूनही हेका सोडला नाही. म्हणे, पारोळ्याला पाहिलीय मी, हीच करायची."

मुलगा पोह्यांकडे बघत लाल झाला. कुसुम भांडी आवरायला पळाली.

"बघा," मी म्हटलं, "स्टुडिओतला फोटो पाहून येणारे निराश होतात. माझा पाहून येणारे खूश होतात!"

मुलाचे वडील घसा खाकरून म्हणाले, "हुंडा नको, मानपान नको. आमची एकच अट आहे. लग्नात फोटोवाला आमचा."

आबांनी माझ्याकडे न बघताच ती मान्य केली.